विश्वस्ताच्या जागी कोणाचं नाव?

चौकातला किल्लीवाला जिभेचा फटकळ. नुसतं कुलूप बघून नवी किल्ली घासून देईल, पण गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय नाही. बायको गेल्यापासून घरात तो आणि तिशी उलटलेली लेक, छबू. छबूचं अंग वाढलं, समज मात्र चार वर्षांच्या पोरीची राहिली. तिला कोणी 'बिचारी' म्हटलं की हा त्या माणसाचं पुन्हा तोंड बघायचा नाही. अशानं आत्या तुटली, मावशी तुटली. सख्खा धाकटा भाऊ एकदा म्हणाला, "दादा, हिला संस्थेत ठेव," तर त्याला भरल्या ताटावरून उठवलं. आपण अमरपट्टा घेऊन आलोय, असंच या गृहस्थाला वाटत असावं.

मग छातीत कळ आली. डॉक्टर जे बोलले ते ऐकून तो तडक वकीलबाईंकडे गेला.

"सोपं आहे, काका," बाई म्हणाल्या. "घर आणि ठेवी ट्रस्टमध्ये घालू. पैसा छबूसाठीच खर्च होईल. फक्त तुमच्यामागे तो सांभाळणारा विश्वस्त हवा. कोणाचं नाव घालू?"

बोलण्यात कोणाला हार न जाणारा माणूस, पण त्याला एक नाव सुचेना. एवढ्याशा रकमेत बँकेला रस नव्हता. शेजारी म्हणाले, आमचंच वय झालंय. आत्यानं दारच उघडलं नाही.

शेवटी नाक मुठीत धरून तो भावाकडे गेला. भावानं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"सही करतो, दादा. एक पैसा इकडचा तिकडे होणार नाही. पण मला तिला घरी नाही ठेवता येणार. तुझ्यामागे ती संस्थेत जाईल. शिव्या घालायच्या तर आत्ताच घाल, मागाहून तू नसशील."

"ती माझ्याच हातानं जेवते रे."

"तिथे इतके जण असतात. कोण भरवणार?"

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच त्याला सोसवेना.

भावाचं नाव कागदावर चढलं. ओझं उतरेल असं वाटलं होतं, पण घरी येईपर्यंत आपणच पोरीला हाकलून आल्यासारखं त्याला वाटत राहिलं.

संध्याकाळी त्यानं ताट वाढून छबूपुढे ठेवलं, चमचा तिच्या हातात दिला आणि समोर बसला. तिनं चमचा खाली ठेवला, हसली आणि नेहमीसारखा आ केला. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ती बराच वेळ तशीच तोंड उघडून वाट बघत राहिली.