दोनशे केपेंगांचा नैवेद्य

म्बोक नेंगा रस्मीनला माशांची जेवढी काळजी होती त्याच्या चतकोर जरी माणसांची असती, तर आमच्या हॉटेलातली तीन पोरं नोकरी सोडून गेली नसती. म्बोक म्हणजे ताई. पण ही ताई हातात जाळी घेऊन फिरायची आणि कुणी काचेवर टकटक केली की तीच जाळी त्याच्या पाठीत घालायची. मी तिला एकदा तोंडावर सुनावलं, तर म्हणाली, "माणसांना पाय आहेत. पाणी नासलं तर जातील दुसरीकडे. मासा कुठे जाणार रे, मेल्या?"

मी दर्सा, त्या हॉटेलचा आचारी. बालीच्या उत्तर किनाऱ्यावर, काळ्या वाळूला लागून आमचं हॉटेल. मालकीणबाई जकार्तात राहायच्या. त्यांनी लॉबीत खाऱ्या पाण्याची टाकी बांधायचं ठरवलं, बारा हजार लिटरची. आमच्या गावात एवढं पाणी एका जागी फक्त लग्नाच्या आदल्या दिवशी लागतं. टाकी सांभाळायला कोण, असं विचारल्यावर सगळ्या गावानं एकच नाव सांगितलं.

कारण म्बोकनं आयुष्यभर मासेच हाताळले होते. तिचा नवरा मर्ता समुद्रात बुडी मारून शोभेचे मासे धरायचा आणि ती व्यापाऱ्याकडे बसून ते पिशव्यांत भरायची. मर्ता बाटलीत पोटासचं, म्हणजे सायनाइडचं, विष घेऊन खाली जायचा आणि प्रवाळात पिचकारी मारायचा. मासा झिंगला की पकडायचा. मागे उरलेलं प्रवाळ पांढरं पडायचं. मासा मात्र पिशवीत झकास दिसायचा, खायचा-प्यायचा, आणि तीन आठवड्यांनी कुणा परक्याच्या घरी मरून पडायचा. "लोक बिचारे स्वतःलाच दोष द्यायचे," म्बोक सांगायची. "आपल्याला मासे पाळता येत नाहीत म्हणून रडायचे. मारेकरी इथे माझ्या अंथरुणात घोरत असायचा."

मर्ताला वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती. खोल पाण्यातून भराभर वर यायच्या सवयीनं त्याचे पाय आधीच गेले होते.

टाकी भरली. दगड लावले. मग म्बोकनं फर्मान काढलं, की सहा आठवडे एकही मासा घालायचा नाही. मॅनेजर होता पाक हेंडार्टो, पाक म्हणजे साहेब, सुराबायाचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. तो हादरलाच.

"म्हणजे पाहुण्यांनी काय बघायचं? दगड?"

"हो. दगड बघा."

"अहो बाई, दगड बाहेर फुकट दिसतात!"

"मग बाहेर बघा. या दगडांत अजून जीव धरायचाय. माशाची घाण खाणारे बारीक जंतू त्यात वाढले पाहिजेत. आत्ता मासा घातला तर स्वतःच्याच मुतात मरेल."

पाहुण्यांसमोर हे ऐकून पाक हेंडार्टोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सहा आठवडे आमच्या लॉबीत दगडांचं प्रदर्शन होतं. एका जर्मन म्हाताऱ्यानं त्याचेसुद्धा फोटो काढले.

त्यानंतर मासे आले, तेही एकेक करून. प्रत्येक नवा पाहुणा आधी महिनाभर वेगळ्या टपात राहणार, त्याला काही रोग नाही ना ते बघणार, मगच मोठ्या टाकीत. तो टप कुठे ठेवला? माझ्या कोठीत! तांदळाची पोती बाहेर आणि राजेसाहेब आत. दोन नारंगी पट्टेरी मासे होते, तेही समुद्रातून ओढून आणलेले नाहीत, खालच्या गावातल्या माशांच्या नर्सरीत जन्मलेले. त्यांना राहायला एक समुद्रफूल, नावाला फूल पण जिवंत प्राणी, ताटाएवढं, शेकडो बोटांचं. काच चाटणाऱ्या गोगलगाई. आणि लाल पाठीची एक कोळंबी. ही बया दिवसभर दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माशाच्या तोंडात हात घालून दात कोरायची. मी तिचं नाव सासूबाई ठेवलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

पाक हेंडार्टोला शार्क हवा होता. म्बोक म्हणाली, "आणा की. दोन वर्षांनी त्याला वळायला जागा लागेल, तेव्हा तुमचं ऑफिस भरू पाण्यानं."

टाकीत किती जीव राहू शकतात याचा तिचा हिशोब पक्का होता, आणि त्यावर एकही शेपूट जास्त चालायचं नाही. दर आठवड्याला थोडं पाणी काढून ताजं घालायचं. उन्हानं पाणी उडालं की गोडं पाणी ओतायचं, खारं नाही, कारण मीठ उडत नाही. हे तिनं मला इतक्या वेळा ऐकवलं की मी बायकोच्या आमटीतही तेच करायला लागलो.

आणि मग तुम्पेक आला. दर सात महिन्यांनी येणारा हा जनावरांचा सण. त्या दिवशी गावातल्या गाई-डुकरांना आंघोळ, नैवेद्य आणि तीर्थ. देवळाच्या कामामुळे म्बोकला घरी जायचं होतं. जाताना तिनं पंपापाशी, काचेच्या बाहेर, फुलांची परडी ठेवली आणि मला दम दिला, "पाण्यात फुलाची पाकळीसुद्धा पडता कामा नये. समजलं?"

समजलं, पण पटलं नाही. डुकराला अंगभर तीर्थ आणि माझ्या सासूबाईंना काचेपलीकडून नुसतं दर्शन? हा कुठला न्याय? आमच्याकडे नैवेद्यात भोकाची जुनी नाणी ठेवतात, केपेंग म्हणतात त्यांना. पद्धत अकरा ठेवायची. मी म्हटलं, एवढी मोठी टाकी, अकरा केपेंगांत कुणाचं भागणार? आजीनं ठेवलेली दोनशे केपेंगांची माळ घरून आणली, नूडल्सच्या चिमट्यानं दगडाच्या मागे खोल सरकवली आणि मनापासून हात जोडले. देवा, सासूबाईंना सांभाळ.

तीन आठवड्यांनी गोगलगाई काचेवरून सुटून खाली पडायला लागल्या. मग एका सकाळी सासूबाई आडव्या. समुद्रफूल तर मुठीएवढं झालं, आणि ते दोन पट्टेरी मासे त्या मुठीत शिरायला धडपडत होते.

पाक हेंडार्टोनं संधी साधली. "रविवारी मालकीणबाई येतायत. तोवर कारण सापडलं तर ठीक. नाहीतर मी व्यापाऱ्याला सांगितलंय, चाळीस मासे पाठव. आणि म्बोक, तुमचं वयही झालं आता." व्यापारी तोच, पोटासवाला, ज्याच्याकडे तिनं आयुष्य काढलं होतं.

सोमवारी दुपारी ती माझ्या कोठीत येऊन पोत्यावर बसली. "मासे बरे आहेत, पण गोगलगाई, कोळंबी, समुद्रफूल मरतायत. दर्सा, असं फक्त तांब्यानं होतं. एवढंसं तांबं पुरतं त्यांना मारायला. पण या टाकीत तांबं येणार कुठून?"

माझ्या हातातला झारा तेलात पडला. केपेंग तांब्याचेच असतात.

मी बोललो का? नाही बोललो. शेपूट घातलं. मंगळवारी कुणी नसताना चिमट्यानं माळ काढायला गेलो, तर ती आणखी खाली, दगडाच्या बुडाशी घसरली. आणि तिकडे म्बोक, साठीच्या घरातली बाई, सगळे पंप खोलून बसली होती. प्रत्येक तार, प्रत्येक स्क्रू चष्म्याला लावून बघत होती. मिठानं तिची बोटं फाटली होती. मी तिला चहा नेऊन देत होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. चहा द्यायची अक्कल होती, तोंड उघडायची नव्हती.

गुरुवारी सकाळी तिनं मलाच विचारलं, "माझंच काही चुकलं असेल का रे?"

तेव्हा मात्र राहवलं नाही. "म्बोक, मी मारलं. तुम्पेकला माळ टाकली. दोनशेची."

ती तडक उठली. शिडीवर चढली. आम्ही दोघांनी मिळून तो दगड उचलला आणि तिनं माळ वर ओढली. हिरवी झाली होती. ती ओली, घाणेरडी माळ तिनं माझ्या गळ्यात घातली, नवरदेवाला घालतात तशी, आणि शिडीवर बसून ढसाढसा रडली.

"म्बोक, मारा मला. जाळीनं मारा."

"गप रे. मर्तानं पंचवीस वर्षं विष ओतलं. शेवटी पाय गेले, अंथरुणात पडून होता, तेव्हा मी हात जोडले, एकदा म्हण, चुकलं. म्हणाला, प्रवाळ उन्हानं मेलं. तसाच गेला. तू चार दिवसांत बोललास." मग नाक पुसून म्हणाली, "तीन दिवस उशिराच, गाढवा. चल, पाणी बदलायचंय."

शनिवारपर्यंत आम्ही होडीतून खोल समुद्राचं पाणी आणत होतो आणि तांबं शोषणाऱ्या कोळशाच्या पिशव्या धुऊन टाकीत सोडत होतो. रविवारी व्यापाऱ्याची गाडी आणि मालकीणबाई एकाच वेळी दारात आल्या. मी पाक हेंडार्टोच्या आधी पुढे झालो आणि सगळं सांगून टाकलं, माळ गळ्यात तशीच. बाईंनी विचारलं, "आणि आता किती थांबायचं?"

"निदान दोन महिने," म्बोक म्हणाली. "दगड बघा."

बाईंनी गाडी परत पाठवली. माझा एक महिन्याचा पगार कापला आणि रोज दुपारी म्बोकच्या हाताखाली काम करायची शिक्षा दिली. दुसरी शिक्षा जास्त जड होती.

पुढच्या तुम्पेकला समुद्रफूल पुन्हा बशीएवढं झालं होतं. माळ माझ्या कोठीत, टपाच्या वर खिळ्याला टांगलेली होती. टपात नव्या सासूबाई होत्या. म्बोक आली आणि तिनं माळेतला एक केपेंग सोडवून पदरात बांधला.

"कशाला?" मी विचारलं.

"घरच्या देव्हाऱ्यात मर्तापुढे ठेवते. त्याला सांगते, दर्सानं कबूल केलं. म्हणून काही मेला नाही."

मग म्हणाली, "तोंड काय बघतोस? बादली उचल."