इंग्रजी बोलणारं घड्याळ

एखाद्या कंपनीने आपली तक्रार धड ऐकली नाही म्हणून तिचे आभार मानावेत, असं मला आयुष्यात एकदाच वाटलं. एरवी मी बाजारात वांग्यांत एखादं किडकं निघालं तरी परत जाऊन भांडणारा माणूस.

काचबिंदूने बाबांची दृष्टी पुरती गेली, तेव्हा मी त्यांना सानगडीहून जवाहरनगरला, आमच्या क्वार्टरमध्ये आणलं. मी इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. आई आधीच गेलेली, शेत ठेक्याने दिलेलं. गावी त्यांच्याकडे बघायला कोणी नव्हतं. पण त्यांचा जीव इथे रमेना. गावी त्यांना न बघताही वेळ कळायची. एसटी आली, शाळा सुटली, गायकी, म्हणजे गुराखी, गाई घेऊन परतला, की दिवस कुठवर आला ते त्यांना समजायचं. क्वार्टरमध्ये पत्ताच लागेना. दुपारी झोपून उठले की सकाळ झाली समजून दात घासायला निघायचे. मग माझ्या बायकोला विचारत राहायचे, "सूनबाई, किती वाजले?" ती कधी कुरकुरली नाही, पण त्यांचं त्यांनाच ते खुपत होतं. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. आणि एकदा जेवता जेवता म्हणाले, "मले सानगडीले नेऊन दे. अठी मी नुसता गाठोड्यासारखा पडून राहतो."

न दिसणारा माणूस, एकटं घर, अंगणात विहीर. त्यांना तिकडे ठेवणं मला शक्य नव्हतं.

म्हणून मी बोलणारं घड्याळ शोधलं. मनगटावर बांधायचं, बटण दाबलं की वेळ सांगतं. मोबाइलवर एका ठिकाणी चक्क लिहिलेलं होतं, हिंदी आवाज. मागवलं. खोकं उघडून बटण दाबलं, तर आतली बाई फाडफाड इंग्रजी बोलायला लागली. बाबांची शाळा चौथीत सुटलेली. त्यांनी दोनदा ऐकलं, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ठेवून दे. धान कापणं झालं का मी जातो."

मी त्याच दिवशी तक्रार नोंदवली. उत्तर आलं, घड्याळाचे चारही बाजूंनी फोटो पाठवा. आवाजाचा फोटो कसा काढतात ते मला ठाऊक नव्हतं, तरी पाठवले. मग कळवण्यात आलं की फोटोंमध्ये कोणताही दोष दिसत नाही. मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, तर तशी सोय उपलब्ध नव्हती. शेवटी लिहून आलं, आमचा प्रतिनिधी आपल्याला फोन करेल.

इथेच घोडं अडलं. कारखान्यात मोबाइल नेता येत नाही. माझा फोन दिवसभर घरीच असतो. ही मंडळी नेमकी ड्यूटीच्या वेळेत फोन करायची. बँकेच्या नावाने फसवणारे फोन इतके येतात की बायको अनोळखी नंबर उचलतच नव्हती. संध्याकाळी घरी यावं तर मेसेज हजर : आपल्याकडून प्रतिसाद न मिळाल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे. मी पुन्हा तक्रार करायचो, संध्याकाळी सहानंतर फोन करा म्हणून लिहायचो, आणि पुन्हा सकाळीच फोन यायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. शेतात धान पिकून पिवळं पडत चाललं होतं आणि बाबांनी आपली पिशवी भरून खाटेखाली ठेवली होती.

परत करायची मुदत संपत आली तशी मी बायकोला बजावलं, "आज कोणाचाही फोन येऊ दे, उचलायचा." संध्याकाळी आलो तर मेसेज होता : ग्राहक समाधानी असल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे.

"हे कोणी सांगितलं?" मी विचारलं. बायकोने हनुवटीने व्हरांड्यात बसलेल्या बाबांकडे खूण केली. ती कपडे वाळत घालत असताना फोन बाबांनी उचलला होता.

"बाबा, काय सांगतलं तुमी त्याइले?"

"पोरगी इचारत होती, घडी वापस करायची का. मी म्हटलं, नाई."

"काहून पण? समजते का तुमाले इंग्रजी?"

त्यांनी बाही वर केली. घड्याळ मनगटावर होतं. कपाटावर मी जपून ठेवलेलं खोकं रिकामं होतं आणि मी त्या रिकाम्या खोक्यासाठी इतके दिवस भांडत होतो.

"रेडिओवाला वेळ सांगते, तवा मी बटन दाबतो," बाबा म्हणाले. "कारखान्याचा भोंगा वाजला का दाबतो. सूनबाईले इचारून पक्कं करतो. बाई घाईत बोलते, पन आता समजते मले."

बायको हसू दाबत उभी होती. तिला सगळं माहीत होतं. "मले काहून नाई सांगतलं?" मी म्हणालो.

"जमलं नसतं तर तुले उगाच आस लागली असती," बाबा म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. बाई बोलली. बाबांनी क्षणभर मान तिरकी धरली आणि म्हणाले, "सहा वाजून दहा." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बरोबर होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी बूट न काढताच खाली बसलो. त्या लोकांनी पहिल्याच दिवशी माझं ऐकून घड्याळ उचलून नेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला आता आला.

खाटेखालच्या पिशवीबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर मी गेटबाहेर गप्पा मारत रेंगाळलो. घरी आलो तर बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले. माझी पावलं ओळखून त्यांनी बटण दाबलं, बाईचं बोलणं पुरं होऊ दिलं आणि मग माझ्याकडे तोंड वळवलं.

"आज काहून उशीर केला? अठी आमी चहासाठी थांबून राहिलो."