दिघोरीचं कलम

फळ संशोधन केंद्रात आज मोहोराचा वास आला आणि दिघोरीचं आमचं अंगण आठवलं. याच केंद्रानं वाटलेलं आंब्याचं कलम आईनं तिथं लावलं होतं. कलमाची वरची काडी पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. खालून गावरान फुटवा आला, तोच आईनं वाढवला. काही वर्षांनी केंद्राचे साहेब झाड पाहायला आले. "तुमच्याच कलमाचा आंबा होय साहेब, खाऊन तं पाहा," आई म्हणाली. साहेबांनी वाकून बुंध्यावरचा वाळका जोड पाहिला, मी ओशाळलो. त्यांनी मनगटापर्यंत रस ओघळेस्तोवर आंबा चोखला आणि कोय रुमालात गुंडाळून नेली. आज केंद्रात त्या कोयीपासून वाढून मोहोरलेल्या झाडावर पाटी होती, 'दिघोरी, स्थानिक निवड'. आईला फोन करून पाटीचं सांगितलं, तर म्हणाली, "मंग? मी तं तवाच सांगत होती, कलम त्यायचंच होय."