परमिशन है, बाबूजी?

आमचे हे म्हणतात, "तू भाजी आणायला जातेस आणि किस्से घेऊन येतेस." आता काय करू? लोक बोलतात, मी उभी राहते! पण गेल्या काही इतवारांत जे जमलंय ना, ते मी आणलेलं नाही. ते माझ्या मागे मागे घरी आलंय.

शेजारच्या वामनरावांचा फोटो स्टुडिओ होता. काही वर्षांपूर्वी महूला लग्नाचे फोटो काढायला गेले, ते परतलेच नाहीत. लग्नवाले म्हणाले, आले, फोटो काढले, जेवले, निघाले. पोलीस झाले, पेपरात देऊन झालं. आता त्यांचा शिरीष दर इतवारी कॅमेरा घेऊन निघतो. त्या वयाचा, त्या चणीचा कोणी दिसला की फोटो काढतो आणि संध्याकाळी आईला दाखवतो. सुमनवहिनींचे गुडघे गेलेत, हिंडणं होत नाही. पण दाढी वाढो, केस जावोत, नवरा त्याच ओळखणार!

मी बरोबर असते, कारण एकट्या पोराला लोक बिचकतात. काकू दिसली की जरा ढिले पडतात. आणि वामनरावांचा नियम होता, विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. म्हणून शिरीष आधी हात जोडतो. "बाबूजी, एक फोटो लूं? परमिशन है?"

*

पहिल्याच दिवशी पोह्याच्या ठेल्यावर एक काका भेटले. शिरीषने हात जोडल्याबरोबर त्यांनी हातातला पोह्यांचा दोना खिशात कोंबला!

"भिया, निगम से हो क्या? मैंने नहीं फेंका! देख लो, जेब में है!"

कचऱ्याचा दंड करणारे महापालिकेचे लोक समजले आम्हाला! फोटोत काकांच्या खिशातून शेव सांडतेय. सुमनवहिनी किती दिवसांनी हसल्या!

*

महूला एक रिटायर्ड फौजी बाकावर बसले होते. त्यांनी सरळ "नहीं" म्हणून सांगितलं. आम्ही वळलो, तर मागून आवाज आला, "कब से गुम हैं?"

कोणी हरवल्याचं आम्ही चकार शब्दाने बोललो नव्हतो. शिरीष म्हणाला, "आपको कैसे पता?"

"फोटो लेने वाला आंखें देखता है, बेटा. तू मेरे कान देख रहा था, जैसे किसी के कानों से मिला रहा हो."

*

सिमरोलला एक म्हातारी दारात बसली होती. आम्ही नुसतं पाणी मागितलं. कॅमेरा पाहून म्हणाली, "मेरा क्या लोगे, इनका लो." बोट दाखवलं ते रिकाम्या खाटेकडे!

मी शिरीषला कोपर मारलं, चल म्हणून. पण हा वामनरावांचाच मुलगा. खाटेपुढे वाकून हात जोडले, "बाबूजी, परमिशन है?" आणि थांबला. म्हातारी म्हणाली, "हां बोल दिया. ले लो."

संध्याकाळी वहिनींनी स्क्रीन जवळ धरून पाहिला. "खाट रिकामी आहे खरी," त्या म्हणाल्या, "पण मधली दोरी इतकी का वाकलीय?"

*

शिरीषने नियम मोडला तो एकदाच. छत्रीबागेपाशी एक जण आमच्याकडे पाठ करून बसला होता. मान अगदी वामनरावांची! विचारायच्या आधीच शिरीषने बटण दाबलं. आम्ही धावत पोहोचलो तोवर तो गल्लीत शिरून दिसेनासा झाला.

घरी कॅमेरा उघडला. फोटोतला माणूस सरळ आमच्याकडे बघत होता.

वहिनींनी खूप वेळ पाहिलं. "हे नव्हेत," त्या म्हणाल्या. "पण शिरीष, हा तुला ओळखतो."

*

यंदा पितृपक्षात वहिनींच्या दिरांनी विषय काढला. "वहिनी, किती दिवस असं? दादाच्या नावाने पान वाढा. त्याला तरी सुटू द्या." वहिनींनी वामनरावांचा फोटो पदराने पुसला. मग म्हणाल्या, "अमावस्येपर्यंत थांबा. नाही सापडले तर भटजींना बोलवा. फोटोला हारही घाला."

अमावस्येच्या आधीचा शेवटचा इतवार आला. शिरीष म्हणाला, "काकू, देपालपूर राहिलंय."

आठवडी हाटाची गर्दी होती. चहावाल्याने शिरीषचा कॅमेरा पाहिला आणि विचारलं, "बाबा मिले क्या आपको?"

"कौन बाबा?"

"कैमरे वाले. यहीं बैठते हैं. जवान लड़कों के सामने हाथ जोड़ते हैं, परमिशन है? बेटा गुम गया है उनका. फोटो घर ले जाके घरवाली को दिखाएंगे, बोलते हैं, वो पहचान लेगी. अभी तो उठे हैं."

बाकावर चहाचा ग्लास होता. शिरीषने उचलला. गरम होता!

तो गर्दीत धावला. माझ्याने पळवेना. मी तिथूनच वहिनींना फोन लावला, "भटजींना नको म्हणून सांगा!" मग चहावाल्याला विचारलं, "चाय छोड़के क्यों उठे?"

"आप लोगों को देखके, और क्या! हर बार यही करते हैं. मैंने कहा, बाबा, इस लड़के से भी पूछ लो. बोले, हिम्मत नहीं होती, इसने ना बोल दिया तो?"

"हर बार मतलब?"

"अरे काकीजी, हर हाट पे तो आते हो आप दोनों!"

देपालपूरला आम्ही जन्मात पहिल्यांदा गेलो होतो.