गुणाजी कोणावरून घेतला

चहा घ्या, पण माझ्याकडे बघून हसू नका. जे झालं ते आठवलं की जानेफळच्या बसस्टँडवर मला अजून मान वर करून चालता येत नाही. माणसानं एक वेळ विहिरीत पडावं, पण माइक हातात असताना जास्त बोलू नये.

मेहकरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, वाढदिवस, पासपोर्ट साइज फोटो. यातच आयुष्य चाललेलं. मग डोक्यात किडा वळवळला की आपण सिनेमा काढू. छोटाच, अर्ध्या तासाचा. गोष्ट एका गुणाजीची. हा गुणाजी कुठेही उभा राहतो आणि सल्ला देतो. विहीर खणणाऱ्याला, भाकरी थापणारीला, त्याची दाढी करणाऱ्या सलूनवाल्याला, सगळ्यांना. शेवटी त्याच्याच सल्ल्यानं त्याच्या घराचं दार असं बसतं की कपाट काही आत जात नाही.

आता गुणाजी आला कुठून? तुम्ही आपले म्हणून सांगतो. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणतो. पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन जानेफळला राहतात. मन राजाचं. पण दुसरा माणूस काम करतोय आणि आपण नुसतं पाहतोय, हे त्यांना सहन होत नाही. दवाखान्यात नर्सबाई इंजेक्शन द्यायला आली, तर तिला सुई कशी धरायची ते सांगतात. तेही स्वतः पालथे पडलेले असताना.

आणि बेशरमपणा पाहा, मी शूटिंग केलं ते त्यांच्याच घरी. त्यांनी खोल्या मोकळ्या करून दिल्या. त्यांच्या बायकोनं, आमच्या मोठीआईनं, सगळ्या टीमला जेवू घातलं. मोठेबाबा खुर्ची टाकून शूटिंग पाहायचे आणि गुणाजीवर सगळ्यांत जास्त हसायचे. मला वाटलं, ओळखलं नाही. सुटलो.

गुणाजीचं काम केलं गावचे टेलर अफसरभाई यांनी. माणूस गमत्या, पण अभिनय कधी केलेला नाही. म्हणून प्रत्येक सीन आधी मी करून दाखवायचो. ‘असे उभे राहा. हात कमरेवर. मान जरा तिरपी. आता म्हणा.’ ते हुबेहूब करायचे. मी मनात म्हणायचो, वा, मोठेबाबा काय उतरलेत.

सिनेमा झाला आणि बुलढाण्याच्या एका कॉलेजनं दाखवायला बोलावलं. नंतर मुलाखत होती. तयारी म्हणून मी आठवडाभर मोबाइलवर मोठमोठ्या दिग्दर्शकांच्या मुलाखती पाहिल्या. एक गोष्ट ध्यानात आली. ही माणसं प्रश्न विचारला की लगेच बोलत नाहीत. आधी छताकडे पाहतात. मग हनुवटीला हात लावतात. मग म्हणतात, सिनेमा मी करत नाही, तो माझ्याकडे येतो. मी हे सगळं आरशासमोर करून पाहिलं. बायको म्हणाली, “मान दुखते का?”

स्टेजवर प्राध्यापकांनी विचारलं, “आपली सर्जनप्रक्रिया कशी असते? आपल्यावर कुणाचे प्रभाव आहेत?”

मी छताकडे पाहिलं. दोन परदेशी दिग्दर्शकांची नावं पाठ करून नेली होती, ती त्याच क्षणी उडाली. हनुवटीला हात लावला, तरी आठवेनात. शेवटी तोंडाला येईल ते बोललो.

“माझ्यावर कुठल्याही दिग्दर्शकाचा प्रभाव नाही. माझा गुरू माझ्या घरातच आहे. गुणाजी खरा आहे. वर्षानुवर्षं तो बोलत राहिला आणि मी त्याला टिपत राहिलो. त्याला अजून माहीतसुद्धा नाही.”

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. मी तरंगतच मेहकरला आलो.

सकाळी उठतो तर कुणीतरी तेवढाच तुकडा गावच्या ग्रुपवर टाकलेला आणि तो जिल्हाभर फिरलेला. पहिला फोन देऊळगाव राजाहून, सासऱ्यांचा.

“जावईबापू, घरातला म्हंजी कोण?”

“बाबा, तुम्ही नाही.”

“मी नाव घेतलं का माझं? पर तुमच्या घराचा जिना मीच फिरवाय लावला व्हता, म्हणून इचारलं.”

फोन ठेवला तर बायको समोर उभी. “माझे बाबा नाहीत, तर मग माझा भाऊ का?”

“अगं, तोही नाही.”

“मग माझ्याच घरून तुला काऊन फोन येऊन राह्यला?”

दुपारपर्यंत तिच्या भावाचाही फोन आला. पण ज्या फोनची मला धास्ती होती, तो काही येईना. मोठेबाबा गप्प. ज्या माणसाच्या पंगतीला बसलो, त्याचंच जगासमोर हसं केलं. उद्या गावात कुणी त्यांना तोंडावर गुणाजी म्हटलं तर? त्यापेक्षा आपणच जाऊन पाय धरावेत. गाडी काढली आणि जानेफळ गाठलं.

मोठेबाबा ओसरीत बसले होते. मला पाहून चेहरा फुलला.

“जयभीम, ये. पाह्यला तुह्या व्हिडिओ. लय मोठं मन लागते बाबू असं बोलाले.”

मला भरून आलं. म्हणजे यांना कळलं आणि यांनी माफही केलं. मी सरळ पायावर डोकं ठेवलं.

“चुकलं मोठेबाबा. तुम्हाला न विचारता तुम्हाला सिनेमात घातलं.”

त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. “मले? मी कोठी हाय सिनेमात?”

“गुणाजी. तो तुमच्यावरून घेतला ना.”

मोठीआई दाणे निवडत होती. तिचा हात थांबला. “काय बोलतं हे पोरगं? आम्हाले तं वाटलं, घरातला म्हंजे तूच, गुनाजी तू सोतावरूनच काढला.”

“माझ्यावरून?”

“मंग. तो तिरपी मान करून उभा राह्यते, ते तूच का नाई? त्या दिवशी माह्या चुलीपाशी येऊन पोळी कशी लाटाची ते कोनं सांगतलं? हे म्हनत होते, पोट्टं इमानदार निघालं, सोताची खोडी सोता दाखवली.”

माझा विश्वास बसेना. मी तिथूनच अफसरभाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. “अफसरभाई, गुणाजी करताना तुम्ही कुणाची नक्कल केली?”

“किसकी मतलब? तुमची. तुम्हीच तं बोल्ले, मी करतो तसं करा. मैंने कर दिया. काऊन, कमी पडलं का?”

मी फोन बंद केला. जमीन दुभंगून आत घेत असेल तर मी तयार होतो. पण खरी वाट पुढेच लागली. मोठेबाबा जागेवरून हलले नव्हते. हळूच म्हणाले, “म्हंजे मी असा हाय?”

मी मोठीआईकडे पाहिलं. मोठीआईनं दाण्यांकडे पाहिलं. कुणीच नाही म्हणालं नाही.

“बरं,” ते म्हणाले आणि आत गेले.

लक्षात घ्या, त्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. मी पेट्रोल जाळून, खास गावाला जाऊन, पायावर डोकं ठेवून त्याला सांगितलं.

त्यानंतर मोठेबाबांनी सल्ला देणं बंद केलं. शेजारी टिनाचं शेड घालत होता, तो आपणहून विचारायला आला, तर म्हणाले, “तुमाले वाटन तसं करा.” शेजारी घाबरला, म्हणाला, यांची शुगर तपासा. मोठीआईचा मला फोन. “अरे, काल वरणात मीठ घालाचं राह्यलं. तेही त्याईनं सांगतलं नाई. चुपचाप जेवून उठले. घर खाले उठते रे.” जन्मभर जिला त्या बोलण्याचा कंटाळा होता, ती बाई फोनवर रडत होती. मी स्टुडिओत कुणाचा तरी पासपोर्ट फोटो कापत होतो, तो नाकापासून कापला.

मग गावानं ठरवलं की सिनेमा जानेफळला दाखवायचा. संध्याकाळी समाजमंदिरासमोर पडदा लावला. मोठेबाबा येणार नाहीत असं वाटत होतं, पण आले. मागे, कडेला बसले. हसले नाहीत.

सिनेमा संपल्यावर एकानं विचारलंच, “गुनाजी कोनावरून घेतला?”

या वेळी मी छताकडे पाहिलं नाही. छत नव्हतंही. मी ठरवून आलो होतो की सगळं स्वतःवर घ्यायचं. म्हणालो, “तो गुणाजी मीच आहे.”

मला वाटलं, लोक चकित होतील. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “ते तं माहीत हाय बाप्पा. दुसरं काई सांग.”

हशा पिकला. आणि तेवढ्यात मागून मोठेबाबा उठले.

“तो खोटं बोलून राह्यला,” ते म्हणाले. “गुनाजी मी हाय. त्यानं मले पाहूनच काढला. मले सांगतलं त्यानं.”

सगळे मागे वळले. मग तोच शेड घालणारा शेजारी उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बसा तुमी. पुतन्याची अब्रू झाकाले तुमी कायले नाव घेता सोताचं? तुमी सांगतलेलं आजलोक एकबी वाया गेलं नाई. माह्यं शेड पाहा, तुमी बोलले नाई तं वाकडं झालं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठेबाबा गोंधळले, माझ्याकडे पाहू लागले. खरं काय ते फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. मी माइक खाली ठेवून दिला. ते हळूहळू खाली बसले आणि बसता बसता शेजाऱ्याला विचारताना ऐकू आलं, “कोन्या अंगाले वाकडं झालं? मागच्या खांबाखाली दगड घातला का?”

मोठीआईनं पदरानं डोळे पुसले.

तर असं. आता गावात मोठेबाबांना लोक देवमाणूस म्हणतात. आणि स्टुडिओत जानेफळचं कुणी फोटो काढायला आलं, तर खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणतं, “मान कशी धराची ते मले माहीत हाय, तुमी नुसतं बटन दाबा.”