भिंतीवरचा हळदीचा हात

या सदरातले अनुभव मी हसायला वाचतो. निम्म्यांना पित्त झालेलं असतं, उरलेल्यांना मांजर दिसलेलं असतं… असो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी एक गोष्ट लिहितो — कुणी शहाण्याने उलगडून दाखवावी.

सत्तरच्या दशकात मी आर्किटेक्चर शिकायला इटलीला निघालो. घर वसमतला, तेव्हाचा परभणी जिल्हा, आताचा हिंगोली. हळदीचा व्यापार. घरची रीत अशी, की लांब जाणाऱ्याने ओल्या हळदीचा उजवा हात ओसरीच्या भिंतीवर उमटवायचा. परत आला की त्यानेच त्यावर चुना मारायचा. तोवर ती भिंत कुणी रंगवत नसे. मला असल्या अडाणीपणाचा तिटकारा. उजव्या हातात सुटकेस होती, ती खाली ठेवायचेही कष्ट मी घेतले नाहीत.

"डावा काहून देऊन राहिलास?" आई म्हणाली.

मी डावाच थापला आणि एसटी गाठली.

तिकडे पोचल्या पोचल्या आम्हाला एक जगप्रसिद्ध चर्च दाखवायला नेलं. निव्वळ भपका! बाहेरून संगमरवर, आत विटा — वर शेरवानी, खाली लंगोट. आमच्याकडच्या औंढ्या नागनाथाच्या देवळाचा दगड पाहिलेल्या माणसाला हे काय दाखवता? प्राध्यापक मात्र माना वर करून गदगदले होते. इमारती फालतू असल्या तरी नळाला गरम पाणी होतं. तेवढ्यावर मी ठरवलं, आता इथेच राहायचं. चर्चच्या पायऱ्यांवर एका पंजाबी सहाध्यायाला तसं सांगूनही टाकलं. आईला होईल सवय, म्हटलं.

बोलताना डावा हात खांबाला टेकला होता. काढला तर तळवा पिवळा, ओला. शिजलेल्या हळदीचा वास… आणि खांबावर माझा पंजा. रंग कुठे लागला, असं त्याने विचारलं. म्हणजे त्यालाही दिसला. मी घासघासून रुमाल पिवळा केला. खांब तसाच.

शिक्षण संपल्यावर घरी आलो तो फक्त निरोप घ्यायला. ओसरीत माझा हात नव्हता. चुना नाही, खरवडल्याची खूण नाही, नुसती मळकी भिंत. कुणी पुसला म्हणून मी आईवर खेकसलो.

"कोन पुसंल? तू गेलास अन् थोड्याच दिसांत पाह्यलं तर न्हाई. पोरगं तिकडंच राहिलं, तवाच समजलं मला."

मग मी गेलोच नाही. वसमतलाच लग्न केलं, लोकांची घरं बांधली. एकदा चुन्याची बादली घेऊन त्या भिंतीपुढे उभा राहिलो, तर आईने कुंचला काढून घेतला. हात असल्याशिवाय चुना कशावर मारतोस, म्हणाली.

ओल, बुरशी, कुणाची खोडी — सगळी कारणं मीच तपासली आणि मीच फेकून दिली. स्पष्टीकरण नाही.

शेवटच्या दुखण्यात आईचा हात माझ्या हातात होता. ती माझ्या बायकोला सांगत होती, "माझं पोरगं आलं की त्याला भिंतीला चुना मारू दे."