झोपलेल्याला उठवणारे भावोजी

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी दुपारी डुलकी काढायची सोय नाही. भावोजी उठवतात. गॅस तुम्ही बंद केलात का, मागच्या दाराची कडी तुम्ही काढलीत का, असलं काहीही विचारायला उठवतात आणि तुम्ही डोळे उघडून नीट उत्तर देईपर्यंत समोरून हलत नाहीत. "हूं" म्हटलेलं चालत नाही. ताईचं लग्न झालं तेव्हा हा माणूस असा नव्हता. तेव्हा मी ताईला म्हणाले होते, तुझा नवरा इतका भिडस्त आहे, की दार वाजवण्याआधी दाराची माफी मागत असेल.

मेहुणी म्हणून त्यांची थट्टा करायचा मला हक्क आहे आणि तो मी कधी वाया घालवलेला नाही. एकदा त्यांनी मला ऐन झोपेतून उठवून विचारलं, इस्त्रीचं बटण तू बंद केलंस का? मी वैतागून म्हटलं, "भावोजी, मेल्यावर तरी सुखाने झोपू द्याल ना?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आधी विचारीन. मग." चेहऱ्यावर हसू नव्हतं.

भावोजी फिटर होते. भर समुद्रात, किनारा दिसणार नाही इतक्या दूर, लोखंडी खांबांवर उभ्या केलेल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ते कामाला जायचे. काही आठवडे तिकडे, काही आठवडे घरी. तिथल्या खोल्या एवढ्याशा, वर एक पलंग, खाली एक, आणि प्रत्येक पलंगाला उजेड अडवायला पडदा. भावोजी वर झोपायचे. खाली झोपणाऱ्याला ते 'खालचा' म्हणायचे, तो त्यांना 'वरचा' म्हणायचा. एक रात्री कामावर असायचा, दुसरा दिवसा, त्यामुळे दोघांची भेट अशी क्वचितच व्हायची. तरीही ताई चिडवायची, की माझ्यापेक्षा त्या खालच्याचंच तुम्हाला जास्त कौतुक. घरी येताना खालच्याने दिलेला कुठला तरी विनोद ते बरोबर आणायचे आणि सांगताना त्याचा पार विचका करायचे.

एका संध्याकाळी तो प्लॅटफॉर्म जळाला. दुरुस्तीसाठी अर्धवट उघडलेला एक पंप कुणीतरी चालू केला, वायू बाहेर पडला आणि स्फोट झाला. चौकशीत हे सगळं निघालं, वर्तमानपत्रांत चित्रं काढून समजावलं गेलं. धोक्याचा भोंगा झाल्यावर सगळ्यांनी मेसमध्ये जमायचं आणि हुकमाची वाट पाहायची, असा नियम होता. माणसं जमली आणि खुर्च्यांवर बसून वाट पाहत राहिली. हुकूम देणारी खोलीच आधी जळाली होती, हे त्यांना कोण सांगणार? मेसमध्ये धूर भरला. शहाण्यासारखे नियम पाळून बसलेले सगळे गेले. भावोजींना भोंग्याने जाग आली, तेव्हा मेसकडे जाणारा जिना धुराने बंद झाला होता. ते उलट खाली गेले, दोराने लोंबकळले आणि पेटत्या तेलातून जिथे वाट दिसली तिथे उडी मारली. खालचा सापडला नाही.

त्यानंतर नियम बदलले. भावोजी पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. बंदराजवळच्या प्रशिक्षण केंद्रात, समुद्रावर जाणाऱ्यांना जीव वाचवायला शिकवू लागले. दरवर्षी बंदरावर, गेलेल्यांची नावं कोरलेल्या भिंतीपाशी सगळे जमतात, मग शेजारच्या सभागृहात भाषणं होतात. भावोजी भाषणं ऐकत नाहीत. आत शिरल्याबरोबर ते बाहेर जायची दारं कुठे आहेत ते बघतात, प्रत्येक दार ढकलून उघडतंय का ते पाहतात, मग दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. एका वर्षी एक दार बाहेरून बंद होतं. ते उघडेपर्यंत त्यांनी साहेबांना भाषण सुरू करू दिलं नाही. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मला मात्र त्या बंद दाराकडे बघून पहिल्यांदाच भीती वाटली.

आणि या माणसाच्या एकुलत्या एका मुलीला, माझ्या भाचीला, तसल्याच प्लॅटफॉर्मवर नोकरी लागली.

ताईने अन्न सोडायचंच बाकी ठेवलं. "तुम्ही एकदा नाही म्हणा, ती ऐकेल," असं ती त्यांच्या मागे लागली. भावोजी म्हणाले, "कुणीतरी जाणारच. मी नाही म्हणणार नाही. शिकवीन." आणि त्यांनी शिकवलं. केंद्रातल्या तलावात हेलिकॉप्टरची खोटी केबिन उलटी करून बुडवतात, त्यातून पोरगी पहिल्या झटक्यात बाहेर आली. धुराच्या खोलीत डोळे बांधून वाट काढली. सगळ्या परीक्षांत पहिली. मी पेढे मागायला गेले तर भावोजींचा चेहरा उतरलेला. "अजून काय करायला हवं होतं हो तिने?" मी विचारलं. ते म्हणाले, "कळत नाही. काहीतरी राहिलंय."

ती जायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. बॅग भरून दारात ठेवली होती. भावोजींना सकाळपासून ताप होता, औषध घेऊन ते झोपले होते. इमारतीचा पाण्याचा पंप बिघडला होता आणि तळघरात प्लंबर काम करत होता. सवयीप्रमाणे त्यांनी तापातही खाली जाऊन पंपाच्या बटणाच्या पेटीला आपलं लाल कुलूप लावलं होतं, म्हणजे काम चालू असताना कुणी पंप सुरू करू नये. कुलूप ज्याचं, त्यानेच काढायचं, हा त्यांचा नियम. किल्ली कायम त्यांच्या गळ्यातल्या दोरीत असते. घामाने मान भिजली म्हणून ताईने ती दोरी काढून उशाशी, खिडकीच्या कडीला अडकवली होती.

दुपारी शेजारी दारात येऊन उभे. कुणाच्याच नळाला पाणी नाही. प्लंबर पिशवी खांद्यावर टाकून फाटकाबाहेर गेलेला सगळ्यांनी पाहिला होता, म्हणजे काम झालं असणार. कुलूप तेवढं काढायचं.

"मी उठवते बाबांना," भाची म्हणाली.

"आत्ता कुठे डोळा लागलाय," ताई म्हणाली. "किल्ली उशाशीच आहे. हळूच घे."

मीही म्हटलं, "झोपू दे गं. वर्षानुवर्षं नीट झोपलेला नाहीये तो माणूस."

भाची चपला काढून आत गेली. मी दारात उभी होते. भावोजींच्या तोंडावर ऊन आलं होतं. तिने आधी खिडकीचा पडदा ओढला, अगदी आवाज न करता, मग कडीवरची दोरी बोटाने उचलली. किती गुणाची पोर, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात भावोजींनी डोळे उघडले आणि तिचं मनगट पकडलं.

"खालच्या," ते म्हणाले, "मला विचार."

पोरगी म्हणाली, "बाबा, मी आहे."

त्यांना भान यायला वेळ लागला. भान आलं तरी मनगट सोडलं नाही. "आधी तळघरात जा," त्यांनी मला सांगितलं. "पंपाला हात लावू नका. बघून या."

मी जिना उतरून गेले. प्लंबर मागच्या दाराने कधीच परत आला होता. दुकानातून आणलेला नवा भाग बसवत तो जमिनीवर आडवा पडला होता, आणि त्याचे दोन्ही हात पंपाच्या पोटात होते. माझी चाहूल लागताच तो आतूनच म्हणाला, "जरा बॅटरी धरता का?" मी बॅटरी उचलून त्याच्या हातांवर उजेड धरला.

वर आले आणि सांगितलं. भाची तशीच उभी होती, हातात किल्ली. तेव्हा भावोजींनी ते सांगितलं, जे त्यांनी चौकशीत सांगितलं होतं आणि घरात कधीच सांगितलं नव्हतं.

"तिथे आम्ही सगळेच असल्या कुलपांच्या किल्ल्या उशाशी खिळ्याला टांगायचो. नियम होता गळ्यात ठेवायचा. पण दमून झोपलेल्या माणसाला उठवायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? म्हणून खिळा. कुणी सांगितलं नव्हतं, पडून गेलं होतं तसं. त्या दिवशी दुसरा पंप बंद पडला, आणि खालचा विचारायला आला, मी उघडून कुलूप लावलेल्या पंपाचं काम झालं का म्हणून. मला अर्धवट जाग आली होती. त्याने बघितलं, मी झोपलोय. माझ्या तोंडावर ऊन होतं. त्याने पडदा ओढला. हळूच किल्ली काढली आणि गेला. मला इतकं बरं वाटलं, की मी कूस बदलून झोपलो."

बाहेर शेजारी अजून ताटकळत होते.

"तो कामचुकार नव्हता," भावोजी म्हणाले. "त्याचा माझ्यावर जीव होता. तुझा आहे तसाच."

भाचीने विचारलं, "मी जाऊ नको का, बाबा?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नको जाऊस म्हणतील असं मला वाटलं, आणि खरं सांगते, म्हणावं असंही वाटलं. "जा," ते म्हणाले. "पण माणसांना उठव. रागावतील, हसतील, तुला उद्धट म्हणतील. उठव." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते, आणि ताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

ती गेली. त्यानंतर ताईच्या घरात भोंग्यासारखा कुठलाही आवाज झाला, की दोघांचाही जीव थाऱ्यावर राहत नसे. एका संध्याकाळी मी तिथेच असताना तिचा फोन आला. ताईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. जेवलीस का, बरी आहेस का, हे ताईचं झालं. मग भावोजी पुढे सरकले.

"किल्ल्या कुठे ठेवतात?"

पलीकडे वारा होता, म्हणून ती जरा मोठ्याने बोलली.

"इथेही खिळे आहेत, बाबा. प्रत्येकाच्या उशाशी. नियमाची पाटी लावलीय ना, तिच्या बरोबर खाली."

ताईने माझा हात घट्ट धरला.

"तुझी कुठेय?"

"गळ्यात."

"उठवलंस कुणाला?"

"उठवलं. नुकताच झोपला होता. काम झालेलं होतं, मी उगाचच उठवलं. त्याने मला अशा शिव्या घातल्या, की सांगता येत नाहीत. आता मेसमध्ये सगळे मला 'भोंगा' म्हणतात."

"उद्या पुन्हा उठव."

"हो." मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "पण मलाच झोप लागत नाही इथे. जरा कुणी पडदा ओढला, की मी उठून बसते."

मला वाटलं, आता ते म्हणतील, होईल सवय, लागेल झोप. बाप असंच म्हणतो. भावोजी म्हणाले, "बरं आहे," आणि फोन ताईकडे दिला.

फोन ठेवल्यावर ताई त्यांच्यावर बरसली. "पोरीचा डोळ्याला डोळा लागत नाही, आणि तुम्ही बरं आहे म्हणता? बाप आहात की कोण आहात?"

भावोजींनी गळ्यातली दोरी शर्टाच्या आत सारली.

"जागी राहिली तर परत येईल ती," ते म्हणाले.